भावोजींनी जमीन विकली, आता मागे १४ टॉवर येताहेत

*ताई, नमस्कार.*

*आमचं घर वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाडीतलं. केळी, थोडी पानवेल, बाजूला बावखळ. घरामागच्या वीस एकर खोलगट भातजमिनीत मोठं संकुल येतंय. २० मजल्यांचे १४ टॉवर, असा फलक लागलाय. दिवाळीपासून डंपरने भराव चालू आहे. जमीन चौघांनी दिली, त्यात माझे धाकटे दीरही आहेत.*

*गावाने ‘गाव वाचवा’चे बॅनर लावलेत. बैठकीत ठरलं की जमीन देणाऱ्यांच्या घरच्या कार्याला कुणी जायचं नाही. पुढच्या महिन्यात पुतणीचा साखरपुडा आहे. हे म्हणतात, जायचं नाही. त्यात आमचा मुलगा अंधेरीला नोकरीला, तो म्हणतो, ‘लग्नानंतर या दोन खोल्यांत कसं भागायचं? मी तिथेच फ्लॅट बुक करतो.’ बापलेकांचं बोलणं बंद आहे.*

*सासूबाई ८१ वर्षांच्या. त्या म्हणतात, भराव वर आला की पाणी आपल्या घरात येणार. विहिरीचं पाणी गेले दोन उन्हाळे मचूळ लागतंय. विरोध करू की गप्प बसू? जनसुनावणी असते ना, ती कधी असते? आणि साखरपुड्याला जाऊ की नको?*

*— एक वाचक, वसई*

साखरपुड्याला जा. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं लांबलचक आहेत, याचं एका वाक्याचं आहे म्हणून आधी देऊन टाकते. त्या पोरीने जमिनीच्या करारावर सही केलेली नाही. यजमान नाही आले तर तुम्ही सासूबाईंना घेऊन जा. ८१ वर्षांच्या आजीला नातीच्या साखरपुड्याला जाताना कोण अडवतो ते बघू.

आणि गावच्या बैठकीत जे ठरलं ते जरा काळजीपूर्वक बघायला सांगा. ठरवून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, तो २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. तुमच्या बैठकीवर तो लागेल की नाही हे वकील सांगतील. पण असा ठराव कुणी वहीत लिहून ठेवला असेल, तर ‘गाव वाचवा’वाल्यांनी समोरच्या वकिलाला आयतं कोलीत दिलंय. उद्या तुम्ही पाण्याचा प्रश्न घेऊन उभ्या राहाल आणि चर्चा होईल बहिष्काराची.

आता भावोजी. त्यांचा राग येणं मी समजू शकते. पण तुमच्याच पत्रात लिहिलंय की विहीर मचूळ झाली. पुढच्या पिढीतलं कुणी नांगर धरणार नाही, हेही न लिहिता कळतं. तुमचा स्वतःचा मुलगा अंधेरीची गाडी पकडतो. खोलगट भातजमीन, एक पीक, मजूर मिळत नाही, अशा वेळी समोर आकडा ठेवला गेला. त्यांनी चूक केली की बरोबर, हा निवाडा तुम्ही माझ्याकडे मागितलेला नाही, म्हणून मी देत नाही. एवढंच सांगते की विकसकाशी झालेल्या कराराची प्रत गावात फक्त त्या चौघांकडे असणार. मोबदल्यात पैसे घेतलेत की फ्लॅट, जुना पाट आणि वहिवाटीचा रस्ता करारात कुठे दाखवलाय, हे त्यांना माहीत आहे. ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याशीच बोलणं तोडून गावाने काय मिळवलं?

माझ्याबद्दल एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे उत्तर अप्रामाणिक होईल. मी पलीकडच्या बाजूची आहे. आम्ही वीसेक वर्षांपूर्वी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, अशाच एका संकुलात राहायला आलो. शेजारच्या गावात आम्हाला ‘बिल्डिंगवाले’ म्हणायचे आणि ते काही कौतुकाने नव्हतं. आमचं सांडपाणी कुठे जातं हे पहिली दोन वर्षं आम्हाला ठाऊकच नव्हतं. एका पावसाळ्यात गावातली एक मासळीवाली मावशी फाटकाशी येऊन म्हणाली, ‘तुमचा पानी आमच्या अंगनान येतंय.’ आम्ही वॉचमनला तिला आत सोडू नको म्हणून सांगितलं. आजही ते आठवलं की मान खाली जाते. नंतर टँकरचं बिल महिन्याला डोईजड झालं, तेव्हा आम्हीच त्या गावात गेलो. नाला कुठून कुठे वाहायचा ते त्या मावशीला आणि तिच्या दिराला पाठ होतं. महापालिकेत अर्ज गेला त्यावर दोन्हीकडच्या सह्या होत्या. काम पूर्ण झालं असं म्हणणार नाही, पण नाल्याचं तोंड मोकळं झालं.

त्यामुळे ‘बाहेरचे येऊन आमचं गाव बाटवणार’ हे जे बॅनरवर असेल किंवा नसेल, पण बोलण्यात नक्की असतं, त्याला माझा पाठिंबा नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यात बाहेरून आलेले कुणाचे शत्रू म्हणून आले नाहीत. मुंबईत परवडेना म्हणून विरार लोकलच्या दारात लटकत आले. उद्या त्या टॉवरमध्ये राहायला येणारा माणूस पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यात अडकलेला असेल, आणि नळाला पाणी नसेल तर तो तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडेल. तो तुम्हाला लागणार आहे.

पण सासूबाई म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, आणि तुमचा सगळा जोर तिथे लागायला हवा.

वसईचं पाणी कसं वाहतं ते तुम्हाला मी सांगणं म्हणजे आजीला नातवाने शिकवणं. तरी वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, मध्ये रेल्वेचा बांध, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावरचं पाणी रुळांखालच्या मोऱ्यांतून इकडे येतं, भातखाचरं आणि मिठागरांत पसरतं, ओहोटी लागली की खाडीत उतरतं. भरती असेल तर त्याला थांबायला जागा लागते. ती जागा म्हणजे ही खोलगट शेतं आणि बावखळं. बावखळ म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पावसाळ्यात साठवण आणि उन्हाळ्यात शिंपण. ते पाणी जमिनीत मुरतं म्हणून विहिरी गोड राहतात आणि खारं पाणी दूर राहतं. खाचर दीड-दोन मीटर भरावाने उचललं की थांबायची जागा गेली, आणि शेजारचं जुनं गाव वाटीसारखं खाली राहिलं. जुलै २०१८ मध्ये काय झालं ते आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, गाड्या बंद, मिठागरात माणसं अडकलेली, घराघरांत वीज नाही. त्यानंतर महापालिकेने कारणं शोधायला आयआयटी मुंबई आणि नीरी (राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था) या दोन संस्थांना बोलावलं. सासूबाईंना ती कारणं आधीच माहीत होती.

तेव्हा ‘टॉवर नको’ या बॅनरच्या शेजारी दुसरा बॅनर हवा, आणि त्यावर आकडे हवेत. एका मजल्यावर सहा घरं धरली तर १४ टॉवरमध्ये १,६८० घरं. घरामागे चार माणसं म्हणजे सुमारे ६,७००. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे रोज नऊ लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं म्हटलं तर दिवसाला ९० टँकर. तुमच्या गल्लीतून! आणि वापरलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हणजे सव्वासात लाख लिटर रोज कुठेतरी जाणार. ते कुठे जाणार, हा एक प्रश्न तुम्ही सरळ चेहऱ्याने, आवाज न चढवता विचारलात की समोरच्याला कागद काढावाच लागतो. सहा घरं हा माझा अंदाज आहे. खरा आकडा नकाशावर मिळेल, तो घालून हिशेब पुन्हा करा.

जनसुनावणीचं सांगते, आणि हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. ती होत नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, पण इमारती आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून सूट आहे. खाणीला सुनावणी आहे, टॉवरला नाही. मला हे कधीच पटलेलं नाही, कारण वस्तीला खेटून जे उभं राहतं त्याबद्दलच वस्तीला विचारायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. पण नियम तो आहे. त्यामुळे सुनावणीच्या तारखेची वाट बघत कुणी बसलं असेल तर त्याला उठवा.

वाट बघण्याऐवजी मुलाला कामाला लावा. हो, त्याच मुलाला. केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचा अर्ज, मंजुरीचं पत्र आणि त्यातल्या अटी मिळतात. पाणी कुठून घेणार, सांडपाण्यावर प्रक्रिया किती होणार, पावसाचं पाणी कोणत्या नाल्यात सोडणार, सगळं लिहिलेलं असतं. मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तोही मागवा. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशे आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र असतं. ते बघायला तुम्ही ग्राहक असायला लागत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. जमीन रहिवासी पट्ट्यात आहे की हरित पट्ट्यात, मध्ये नाला किंवा आरक्षण दाखवलंय का, हे त्यावर दिसेल. दिलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

या कागदांतून दोन शक्यता निघतील. मंजुरी नाही, किंवा नकाशात एक आणि जमिनीवर दुसरं, असं निघालं तर पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाकडे जाता येतं. मात्र मंजुरीलाच आव्हान द्यायचं तर मुदत ३० दिवसांची आहे, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, त्यापुढे दार बंद. दिवाळीपासून भराव चालू आहे म्हणता, म्हणून मंजुरीपत्रावरची तारीख सगळ्यात आधी बघा आणि पर्यावरणाची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा. सगळे कागद बरोबर निघाले, तर मग खरं सांगते, टॉवर थांबणार नाहीत. तेव्हा मागायचं ते नाला, मोरी, रस्त्याची रुंदी, आणि बावखळाला हात न लावण्याची लेखी हमी. हे मागायची वेळ आत्ता आहे. एकदा भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला येण्याची परवानगी, हातात पडलं की तुमच्या अर्जाला कुणी विचारत नाही.

गावातल्या काहींना हे मवाळ वाटेल. ते १९८८ पासूनच्या हरित वसईच्या लढ्याची आठवण काढतील, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव घेतील, आणि घ्यायलाच हवं. पश्चिम पट्ट्यात आज जी हिरवळ उरली आहे त्यात त्या आंदोलनाचा वाटा मोठा आहे. पण त्या लढ्यातही नुसत्या घोषणा नव्हत्या. टँकरने विहिरींचं पाणी उपसलं जातंय, ही त्यातली एक ठोस तक्रार होती. घोषणा लक्षात राहिल्या, विहिरी विसरल्या गेल्या.

शिवाय एक गोष्ट गावाच्या बैठकीत कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. वसई-विरारचं जास्त नुकसान फलक लावून, नोंदणी करून आलेल्या संकुलांनी केलं की रातोरात उभ्या राहिलेल्या चार मजली बिनपरवाना इमारतींनी? २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने ४१ इमारती पाडल्या. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती, परवानग्यांचे कागद बनावट होते, आणि सुमारे अडीच हजार कुटुंबं सामानासकट रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला बेकायदा इमारत कोसळून १७ माणसं गेली. अशा इमारतींच्या जमिनी परग्रहावरून आल्या नव्हत्या, कुणाच्या तरी काकामामांच्या होत्या. तेव्हा बॅनर लावले होते का? तुमच्या मागच्या संकुलाला निदान पकडायला कागद आहे.

मुलाचं. तो चुकत नाहीये. त्याला वाडी सोडायची नाही, वाडीपासून हाकेच्या अंतरावर राहायचंय. यजमानांना हे असं सांगून बघा. मात्र आत्ता बुकिंग करू नये असं माझं मत आहे, आणि ते गावासाठी नाही, त्याच्या पैशासाठी आहे. वर सांगितलेले कागद त्याने स्वतः वाचून झाल्यावर ठरवावं. पाण्याच्या रकान्यात ‘टँकर’ लिहिलेलं दिसलं तर कदाचित तोच माघार घेईल. घ्यायचंच ठरलं तर नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नये, कायद्यानेच विकसकाला त्याहून जास्त घेता येत नाही. महारेरा क्रमांक घोटून पाठ करावा आणि संकेतस्थळावर तपासावा, फलकावरचा क्रमांक पुरेसा नाही. नालासोपाऱ्याच्या लोकांनीही कागद बघूनच पैसे भरले होते. आणि त्याने घेतलाच फ्लॅट, तर तुमच्या गावाला त्या सोसायटीत एक आपला माणूस मिळेल. यजमानांना हा मुद्दा आज पटणार नाही. पाऊस पडू द्या.

राहिली विहीर. मचूळ पाणी कशामुळे, हे चवीवरून ठरवता येत नाही. आसपास बोअर वाढल्या असतील, एखादं बावखळ आधीच बुजलं असेल, टँकर भरले जात असतील. दर महिन्याला एक बाटली प्रयोगशाळेत देऊन क्षार किती ते लिहून घ्या, शेजारच्या चार विहिरींचंही घ्या. बांधकामाच्या आधीची नोंद असेल तरच नंतर फरक दाखवता येतो. हे काम बायकांनी करावं असं सुचवते, कारण उन्हाळ्यात विहिरीत पाणी कुठवर उतरलं हे पुरुषांना विचारलं तर ते बायकोकडे बघतात.

आणि साखरपुड्याला जाल तेव्हा जाऊबाईंशी आधी साडी-जेवणाचं बोला. कराराची गोष्ट त्या दिवशी काढू नका. आठवड्याने भावोजींना चहाला बोलवा, सासूबाईंच्या नावाने. मुलाने काढलेला नकाशा टेबलावर ठेवा आणि फक्त एवढं विचारा की सासऱ्यांच्या वेळचा पाट यात कुठे दिसत नाही, तो कुठे गेला. तो पाट त्यांनीही लहानपणी उकरला असेल. त्यांना उत्तर येत असेल तर ते सांगतील, येत नसेल तर विकसकाला विचारायला तेच जातील, आणि त्यांना आत जाताना वॉचमन अडवणार नाही.

त्याआधी सासूबाईंना घेऊन वाडीत एक चक्कर मारा. कोणत्या साली पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना विचारा. २००५, २०१८, आणि त्यांच्या लग्नानंतरचे पूर, ज्यांचं साल त्यांना नसेल आठवत पण अमक्याच्या बारशाच्या वर्षी असं आठवेल. घराच्या, देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर तिथे रेघ ओढा, बाजूला साल लिहा, फोटो काढा, सासूबाई फोटोत हव्यात. महापालिकेच्या अर्जाला ते फोटो जोडा. रंग तेलाचा घ्या, आणि पावसाच्या आत उरका. ओल्या भिंतीवर तो धरत नाही.